लायनर कोरडे

मुग्धाचा फोन आला तेव्हा मी पोहे धुवत होतो. चंदीगडच्या सेक्टर एकोणचाळीसमध्ये एक सरकारी संशोधन संस्था आहे, तिच्या मेसमध्ये मी आचारी. ती म्हणाली, "बबन अंकल, पापा नहीं रहे." मी म्हटलं, बरं. असल्या बातमीला कुणी बरं म्हणतं का? पण मी म्हटलं. बरं, येतो. मग फोन कट्ट्यावर ठेवला आणि पोहे पुन्हा धुतले. मग आणखी एकदा. तीन वेळा धुतलेल्या पोह्यांचं काय होतं हे मला तीस वर्षांच्या नोकरीत पक्कं ठाऊक आहे, तरी ते फोडणीत टाकले. त्या दिवशी सगळ्या शास्त्रज्ञांनी पिवळी खळ खाल्ली आणि एकानेही तक्रार केली नाही. मी पळीने ढवळता ढवळता रडत होतो ना... त्यांना वाटलं असणार, आचाऱ्याला स्वतःच्याच पोह्यांचं वाईट वाटतंय.

हे मी लिहिलेलं नाही, ते आधीच सांगून टाकतो. मला लिहिता येत नाही. कराडजवळच्या आमच्या गावात शाळा होती, चूक तिची नाही. मी इतके कमी दिवस गेलो की मास्तरांना माझं नाव पाठ झालं नाही. मला सही येते, बस. तर मी फोनमध्ये बोललोय, फोनने लिहिलंय, आणि इथल्या मराठी लोकांतल्या एका बाईंनी ते नीट केलंय. त्यांनी दोनदा विचारलं, हे सगळं छापायचं आहे ना नक्की? म्हटलं, छापा. साळवी साहेबांवर चार लोक चांगलं लिहितीलच. मी काय केलं ते फक्त मलाच लिहिता येणार, आणि नेमकं मलाच लिहिता येत नाही.

साळवी साहेब रत्नागिरीकडचे. हवाई दलात जन्मभर विमानांच्या चाकांचं आणि ब्रेकांचं काम केलं, शेवटची बदली चंदीगडला, मग इथेच राहिले, सेक्टर चाळीसमध्ये. वहिनी वारल्या त्याला बरीच वर्षं झाली. एकच मुलगी, मुग्धा, डेराबस्सीच्या औषधाच्या कारखान्यात तपासणीच्या लॅबमध्ये आहे. जन्म इथलाच. मराठी तिला सगळं कळतं, उत्तर हिंदीत.

माझी नि त्यांची ओळख एका फुटलेल्या मोदकावर झाली. गणपतीला इथली मराठी मंडळी एकत्र जमतात, त्यांचा स्वयंपाक माझ्याकडे होता. मी घाटावरचा, मला उकडीच्या मोदकातलं काय कळतंय, पण नाही म्हणायची माझी जात नाही. सगळे मोदक फुटले. लोक समजुतीने खात होते. साहेबांनी मात्र एक मोदक ताटलीत घेतला, उलटा केला, काडीने उचकून आत बघितलं, जसं काही ते विमानच पडलं होतं. मग आत येऊन विचारलं, "पाणी किती, पीठ किती, झाकण किती वेळ?" मी म्हटलं, अंदाजाने. ते म्हणाले, "चूक शोधायची असेल तर एका वेळी एकच गोष्ट बदलायची. दोन बदलल्यास तर कशाने सुधारलं ते कधीच कळणार नाही." आणि त्यांनी माझ्याकडून पाच वेळा उकड काढून घेतली. दर वेळी एकच गोष्ट वेगळी. पाचव्या घाण्याचे मोदक फुटले नाहीत. तोवर गणपती आणि लोक दोघेही झोपायला गेले होते, ते मोदक आम्ही दोघांनीच खाल्ले.

त्यानंतर मी त्यांच्या घरी जाऊ लागलो. दुपारची मेस आटोपली की त्यांच्या मागच्या गॅरेजमध्ये. तिथे एक जुनी इंग्लिश मोटरसायकल होती, तरुणपणी घेतलेली. दर रविवारी वहिनी मागे बसायच्या आणि दोघं सुखना तलावापर्यंत जाऊन यायचे. वहिनी गेल्या आणि गाडीवर ताडपत्री पडली. रिटायर झाल्यावर साहेबांनी ती पुन्हा उघडली. इंजिन झालं, वायरिंग झालं, टाकीचा रंग झाला. यात माझी कामगिरी म्हणजे चहा, आणि "हे धर बबन" म्हटलं की धरणं. सायकलसुद्धा मला धड येत नाही. एकदा त्यांनी मला स्टँडवरच्या गाडीवर बसायला सांगितलं तर मी स्टँडवरून पडलो.

मग दोन वर्षांपूर्वीच्या दिवाळीत त्यांच्या उजव्या हाताचं सुरू झालं. आधी शर्टाचं बटण लागेना. मग किल्ली फिरेना. सेक्टर बत्तीसच्या मोठ्या दवाखान्यात एकामागून एक तपासण्या चालू झाल्या. नसांचं काहीतरी आहे, शेवटचा रिपोर्ट आल्याशिवाय सांगता येणार नाही, असं डॉक्टर म्हणाले. साहेब मला म्हणाले, रिपोर्ट येईल तेव्हा येईल, त्याच्याआधी मुग्धाला मागे बसवून एकदा तलावापर्यंत जाऊन यायचंय. बस, एकदाच.

गाडीचा पुढचा ब्रेक उजव्या हातात असतो, हे मी तेव्हा शिकलो. खरा थांबवणारा ब्रेक तोच. आणि चंदीगडमध्ये तर दर चौकाला गोल चक्कर, थांबल्याशिवाय गत्यंतर नाही.

तो पुढचा ब्रेक किंचाळायचा. मागच्या गल्लीत साहेब गाडी फिरवून बघायचे, ब्रेक दाबला की असा आवाज, शेजारच्या आंटी गच्चीवरून विचारायच्या, भाईसाब, ही मांजर कुणाची रडतेय? पण किंचाळला तरी धरायचा. गाडी जागच्या जागी उभी राहायची. साहेब खाली उतरून उजवी मूठ उघडमीट करून बघायचे आणि म्हणायचे, "आहे रे अजून. आहे." येत्या रविवारी जायचं ठरलं. मुग्धाने हेल्मेटसुद्धा आणलं.

आता माझी कामगिरी.

गुरुवारी साहेब नसांच्या तपासणीला गेले होते. मी जेवणाचा डबा घेऊन गेलो तर गॅरेजच्या टेबलावर पुढचं चाक खोलून ठेवलेलं. ब्रेकच्या गोल डब्यात दोन अर्धगोल पट्ट्या असतात, त्यांना लायनर म्हणतात. ब्रेक दाबला की त्या फाकतात आणि डब्याला घासून चाक थांबवतात. घासणं हाच त्यांचा धंदा. हे मला आता कळतं. तेव्हा मला एवढंच कळलं की जे घासतं ते किंचाळतं, आणि जे किंचाळतं त्याला तेल लावतात. मेसचा दरवाजा, पंखा, सासूबाईंचा गुडघा, सगळ्याला मी आजवर तेच केलंय. खिडकीत खोबरेलची बाटली होती, साहेबांच्या बहिणीने कोकणातून पाठवलेली, घाण्याचं. जानेवारी महिना, इथे खोबरेल तेव्हा दगड होतं, सगळ्या मराठी घरांतून बाटल्या उन्हात ठेवलेल्या असतात. मी बोट घालून गोळा काढला आणि दोन्ही लायनरना लावला, चपातीला लावतो तसा. सढळ हाताने. जास्तीचं फडक्याने पुसलंसुद्धा. मग साहेबांना त्रास नको म्हणून पट्ट्या डब्यात बसवून ठेवल्या. आनंदाने शीळ घालत घरी गेलो.

पुढे कळलं, किंचाळण्याचा बंदोबस्त त्यांनी त्याच सकाळी केला होता. लायनरच्या कडा कानशीने उतरवून ठेवल्या होत्या, तेवढंच त्याला लागत होतं. मी एका बऱ्या झालेल्या रोग्याला औषध पाजलं.

शुक्रवारी माझ्या हातांनी चाक चढलं, डबा बंदच होता म्हणून साहेबांनी आत बघितलं नाही. शनिवारी सकाळी, धुक्यात, त्यांनी गल्लीत गाडी काढली. पहिल्यांदा ब्रेक लागला, आवाज नाही. साहेब हसले. दुसऱ्यांदा लागला. तिसऱ्या वेळी गल्लीच्या टोकाला त्यांनी मूठ आवळली आणि गाडी थांबलीच नाही. आंटींच्या कुंपणाच्या झुडपात गेली. फार लागलं नाही, नडगी खरचटली. मी धावत गेलो तर साहेब झुडपात तसेच बसलेले. ते ब्रेककडे बघत नव्हते. उजव्या हाताकडे बघत होते.

रविवार गेला. सोमवारी त्यांनी खुर्ची मांडली, मफलर गुंडाळला, मांडीवर वही घेतली. सर्दीने नाक बंद होतं. म्हणाले, "बबन, ब्रेक लागत नाही हे नक्की. दोष ब्रेकात आहे की माझ्या हातात, एवढंच शोधायचंय. एका वेळी एकच गोष्ट." पाना फिरवायचा जोर त्यांच्या बोटांत नव्हता, म्हणून हात माझे आणि डोकं त्यांचं. मी चाक काढलं, डबा उघडला... आणि गरम झालेल्या खोबरेलचा वास आला. लायनर चकचकत होते. त्या एका क्षणात मला सगळं कळलं, शाळेत न गेलेल्याला कळतं तेवढं. मी पाठ त्यांच्याकडे केली आणि पेट्रोलच्या फडक्याने भराभर पुसलं. मागून आवाज आला, "लायनर कसे आहेत रे?"

"कोरडे."

मला वाटलं, पुसलं की संपलं. कशाला सांगा, कशाला बोलणी खा. दुसऱ्या दिवशी ब्रेक चार वेळा लागला, पाचव्यांदा सुटला. लायनर तेल पितात आणि तापले की पुन्हा ओकतात, वरून पुसून काही होत नाही. आता सांगायचं तर तेलही सांगायला हवं आणि कोरडेही. मग मी गप्प बसलो. मी, ज्याचं तोंड झोपेतही चालू असतं.

तीन आठवडे साहेबांनी तो ब्रेक तपासला. आधी केबल बदलली. मग हँडलवरची मूठ ढिली आहे का ते बघितलं. मग डबा अंडाकृती झालाय का म्हणून आतून खडू फासून चाक फिरवलं, शंका राहिली तर मला डबा घेऊन लेथवाल्याकडे पाठवलं. डबा गोल निघाला. मग दोन्ही लायनर मधोमध बसवायचे. त्याची एक रीत आहे: चाकाचा नट ढिला ठेवायचा, एकाने ब्रेक घट्ट दाबून धरायचा, म्हणजे पट्ट्या आपोआप आपली जागा घेतात, आणि दाबलेला असतानाच दुसऱ्याने नट आवळायचा. साहेब म्हणायचे, "दाबून धर. मी सांगेपर्यंत सोडू नको." मी दाबून धरायचो, आणि ते दोन्ही हातांनी पान्याला लोंबकळून नट आवळायचे, कपाळावर थंडीत घाम. दर वेळी वहीत लिहायचे. दर वेळी तिसऱ्या-चौथ्या फेरीला ब्रेक सुटायचा. एकदा त्यांनी मला विचारलंसुद्धा, "थंड असताना धरतो, गरम झाला की सुटतो. गरम झाल्यावर काय बदलतं, बबन?" मी रोज सकाळी खोबरेलची बाटली विस्तवाशेजारी ठेवणारा माणूस. मी म्हटलं, साहेब, गरम झाल्यावर माझी बायको बदलते. ते खूप हसले. खोकला येईपर्यंत हसले.

फेब्रुवारीत एक दिवस गेलो तर गाडीवर ताडपत्री होती. वही टेबलाच्या खणात गेली होती. त्याच आठवड्यात रिपोर्ट आला. नसा सुकत जाण्याचा आजार, हातापासून सुरू होऊन सगळीकडे जाणारा, उपाय नसलेला. मी स्वतःची समजूत घातली. बघ, हातच गेला होता. तुझं तेल असो की नसो, ते जाऊ शकले नसतेच. ही समजूत मी दीड वर्ष वापरली, धुऊन धुऊन.

त्या दीड वर्षात दुसरा हात गेला, मग पाय, मग मान धरेना. दुपारी मी जाऊन भरवायचो. मऊ भात, पातळ वरण, शेवटी नुसती पेज. मुग्धा रजा टाकून टाकून थकली होती. मी त्यांना हसवायचो, तेवढंच मला जमतं, पण घास घशात असताना हसवायचं नाही असं डॉक्टरांनी सांगितलं, तेव्हा तेही बंद झालं. मग मी चमचा आणि ते तोंड. बोलणं जड झालं होतं, कान तोंडाशी न्यावा लागायचा. ऑगस्टमध्ये एकदा घास तोंडात न घेता त्यांनी काहीतरी म्हटलं. मी कान नेला.

"लायनर... तू नीट बघितले होतेस ना?"

त्यांच्या डोळ्यांत संशय नव्हता. संशय असता तर मी सांगितलंही असतं. त्यांना फक्त खात्री करून घ्यायची होती, दिवे बंद केलेत ना असं आपण झोपताना विचारतो तशी. मी म्हटलं, "बघितले होते, साहेब. कोरडे होते." त्यांनी मान हलवली, हलत होती तेवढी, आणि घास घेतला. सप्टेंबरात गेले.

दिवसवार झाले. मग एका रविवारी मुग्धाने गॅरेज आवरायला बोलावलं. मी ताडपत्री झाडत होतो, ती टेबलाचे खण रिकामे करत होती. तिला वही सापडली. म्हणाली, अंकल, ये तो मराठी में है, पढ़ देती हूँ. हिंदीमुळे तिला अक्षरं येतात, पण मराठी शब्द अडखळत. मला शब्द येतात, अक्षरं नाहीत. असे आम्ही दोघं मिळून एक माणूस. ती खुर्चीत बसली, त्यांच्याच, आणि मधलंच एक पान उघडून एक एक ओळ वाचू लागली. केबल नवी, फरक नाही. डबा गोल, लेथवर तपासला. थंड असताना धरतो, गरम झाल्यावर सुटतो, कारण कळत नाही. मग पहिल्या पानावर गेली... "लायनर को-र-डे. बबनने पाहिले." तिने अंकल आपका नाम है असं म्हणून माझ्याकडे कौतुकाने बघितलं. पुढे वाचलं. पुढची पानं सगळी तशीच, एका वेळी एक गोष्ट, दर गोष्टीपुढे ठीक. शेवटच्या पानावर अक्षर फार वाकडं होतं, तिला वेळ लागला.

"ब्रेकमध्ये दोष नाही. दोष हातात. मुग्धाला मागे बसवणे बरोबर नाही."

ती रडली. तिला वाटलं, तिच्या वडिलांनी स्वतःची खरी परीक्षा घेतली आणि खरा निकाल लावला. मी ताडपत्री हातात घेऊन उभा होतो. मी तिथेही गप्प राहिलो असतो, खरं सांगतो. पण ती म्हणाली, पापा को अपने हाथ पे पहले से डाउट था, अच्छा हुआ नहीं गए. अच्छा हुआ म्हणाली ती. मग मी सांगितलं. खोबरेल, फडकं, कोरडे, ऑगस्टमधलं दुसरं कोरडे, सगळं. सांगता सांगता सवयीने चपातीची उपमा पण दिली. ती हसली नाही.

तिने वही मिटून मांडीवर ठेवली. मग म्हणाली, "हमारे यहाँ एक रीडिंग झूठी निकले तो पूरा बैच फेंकते हैं, अंकल. बाकी सब सही हो तब भी." आणि आत गेली. मी गॅरेजचं दार ओढून घेतलं.

हात जाणार होता, हे खरंच आहे. रिपोर्ट काही माझ्या तेलाने आला नाही. पण झुडपात जायच्या आधीच्या आठवड्यात तोच हात ती गाडी जागच्या जागी उभी करत होता. त्या जानेवारीत त्या हातात तलावाची एक फेरी शिल्लक होती. ती मी खाल्ली. आणि नुसती खाल्ली नाही, त्यांच्याच हाताने त्यांच्याकडून लिहून घेतलं की दोष तुमचा.

मुग्धाने दहा-बारा दिवस फोन केला नाही. मीही केला नाही, कुठल्या तोंडाने करणार. मग आला. नये लाइनर मँगवाए हैं, लगाना आता है? एवढंच. मला गाडी चालवता येत नाही, लिहिता येत नाही, पण तो ब्रेक मी इतक्या वेळा खोललाय की झोपेत बसवीन. जुने लायनर काढून तिच्यासमोर ठेवले. ती लॅबमधली पोरगी, तिने ते उचलून नाकाजवळ नेले, आणि तसेच एका पिशवीत घालून बाजूला ठेवले. डबा रगडून धुतला. नवे बसवले. चाक चढवलं. मग मी तिला म्हटलं, ब्रेक दाबून धर, मी सांगेपर्यंत सोडू नको. बोलून गेल्यावर मला कळलं मी कुणाचं वाक्य बोललो ते. तिलाही कळलं. तिने दोन्ही हातांनी धरला. मी नट आवळला. नंतर चाक उचलून फिरवलं, तिने मूठ आवळली, चाक जागीच अडकलं. पुन्हा फिरवलं, पुन्हा अडकलं. ब्रेक ठणठणीत आहे आता. चालवणारं कुणी नाही.

मला वाटलं झालं, मी हात पुसू लागलो. तिने वही आणली. ते पान काढलं, पेन माझ्या हातात दिलं. कारखान्यात त्यांची रीत आहे म्हणाली: चुकीचं लिहिलेलं कधी गिरवून झाकायचं नाही, फाडायचं नाही. वरून एकच रेघ मारायची, खालचं वाचता आलं पाहिजे. बाजूला खरं काय ते लिहायचं आणि ज्याची चूक त्याने सही करायची. तिने शब्दावर बोट ठेवलं. मी रेघ मारली, थोडी तिरकी गेली. बाजूला तिने लिहिलं, खोबरेल तेल. खाली मी सही केली, ब-ब-न. माफ केलं असं ती काही म्हणाली नाही. मी विचारलंही नाही.

वही परत खणात आहे, खण गॅरेजात, आणि किल्ली तिने माझ्याकडे ठेवलीये, ती डेराबस्सीला असते म्हणून. दुपारी मेस आटोपली की मी जातो. इथे थंडी पडायला लागलीय, खिडकीतलं खोबरेल परवापासून तळाशी पांढरं दिसतंय, लवकरच दगड होईल. मी खुर्चीवर बसत नाही, पत्र्याच्या पालथ्या डब्यावर बसतो, आणि वही उघडतो. आख्ख्या वहीत मला एक ओळ वाचता येत नाही. माझी सही तेवढी ओळखतो, आणि तिच्या वर, जरा डावीकडे, त्या तिरक्या रेघेखाली, एक शब्द. को... र... डे. या वयात वाचायला शिकलो म्हणायचं. एवढाच एक.